शाकिरच्या मोटारीचा पायबंद

शाकिरच्या लग्नालाही एवढी माणसं आली नव्हती, आणि लग्नात तर तीन मेंढ्या कापल्या होत्या. आज नुसता चहा होता, तरी तेरेक-बेल गाव सगळं त्याच्या अंगणात लोटलं होतं. पोरं भिंतीवर, बाया चुलीपाशी, आणि म्हाताऱ्यांत म्हातारे अक्मत आजोबा शाळेतून टाकून दिलेल्या जुन्या बाकावर, मानाच्या जागी.

अंगणाच्या मधोमध शाकिरच्या बापाची पांढरी मोटार मागून उचलून ठेवली होती. मागची चाकं काढून भिंतीला टेकवलेली आणि त्यांच्या जागी गंजलेले दोन ब्रेक ड्रम, उपड्या पातेल्यांसारखे, आसाला घट्ट धरून बसलेले. हिवाळाभर गाडी उभी होती. बर्फ वितळलं, वरच्या कुरणात जायची वेळ झाली, तर मागची चाकं फिरेनात. ड्रम काढून आत बघायला हवं एवढं सगळ्यांना कळत होतं. पण ड्रम निघेल तर ना! तीन दिवस गावाने घण घातले, रॉकेल ओतलं. शेवटी दोर बांधून घोड्याकडून ओढवलं, तेव्हा आख्खी मोटार अंगणभर फरफटली आणि ड्रम होता तिथेच राहिला. गावातला एकुलता एक मेकॅनिक रशियात कामाला गेलेला. उरलेल्या मंडळींना घोड्यातलं सगळं कळे आणि मोटारीतला फक्त हॉर्न.

म्हणून तेमिर-अता आले होते. तेमिर म्हणजे लोखंड, अता म्हणजे बाबा. हे लोखंडबाबा म्हणे रुसलेलं लोखंड नुसत्या शब्दाने मनवत. डोक्याला उंच पांढरी टोपी, अंगात ढगळ बाह्यांचा झगा, आणि आवाज असा की कोंबड्या खुराड्यात पळाव्यात.

"घोडा तोंडाने बोलतो," अता गरजले, "मोटार चाकाने बोलते! ही काय म्हणते ऐकू येतंय का? म्हणते, मला पायबंद घातलाय! शाकिर, तुझ्या बापाने ही घेतली तेव्हा मेंढा कापला होता?"

"कापला होता, अता."

"काळा की पांढरा?"

"तपकिरी."

"तपकिरी!" अतांनी कपाळाला हात लावला. "ऐका, लोकहो! धड काळा नाही, धड पांढरा नाही. म्हणून ही गाडी धड जात नाही आणि धड..."

"उभी तर छान राहते," भिंतीपाशी हाताची घडी घालून उभ्या असलेल्या सोनूनबू एजे म्हणाल्या.

एजे म्हणजे ताई. सोनूनबू ही शाकिरची थोरली बहीण, पण तीस वर्षं गावच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवल्यामुळे सगळ्या गावाचीच एजे झालेली. अंगणातल्या अर्ध्या पुरुषांना त्यांनी तरफेच्या धड्यात नापास केलं होतं, आणि आजचा तमाशा बघून आपलं काही चुकलं नव्हतं अशी त्यांची खात्री पटत होती.

"एजे, तू मध्ये बोलू नकोस ना," शाकिर कुजबुजला. "अता रागावतील."

"रागावू दे. तू मोबदला काय कबूल केलास ते सांग आधी."

उत्तर अतांनीच दिलं. "दोन चाकांना दोन जीव. ती घोडी आणि तिचं शिंगरू."

घोडी कुंपणाला बांधलेली होती आणि अतांचा दोर आत्ताच तिच्या गळ्यात पडला होता. तिच्या शेजारी उल्काण, शाकिरची बायको, तिच्या आयाळीत तोंड खुपसून उभी होती. ही घोडी तिला माहेरून मिळाली होती. तिच्या दुधाचा कुमिस, म्हणजे आंबवलेलं पेय, रस्त्यावर विकून घर चाले आणि दोन्ही पोरांच्या शाळेचं भागे. एजेंना भयंकर राग आला. भावाचा आला, अतांचा आला, आणि आपण तीस वर्षं नेमकं काय शिकवलं म्हणून स्वतःचाही आला.

अता कामाला लागले. आधी ते मोटारीत जाऊन बसले, दार लावून घेतलं. "तिच्या काळजाशी एकट्याने बोलायचं असतं," ते काचेआडून म्हणाले. बाहेर येऊन त्यांनी डाव्या ड्रमला काळा-पांढरा दोरा गुंडाळला. मूल पहिली पावलं टाकू लागलं की त्याच्या पायांना असाच दोरा बांधून कापतात, म्हणजे पुढचा रस्ता मोकळा होतो. बायांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग अतांनी ड्रमवर लोकरीचा एक जाड नमदा टाकला आणि त्याच्याखाली डोक्यासकट शिरले.

"आता सगळ्यांनी डोंगराकडे तोंड करा! टाळ्या वाजवा! जो मागे बघेल त्याच्या गुडघ्यांना गंज चढेल!"

आख्खा गाव वळला. अक्मत आजोबांनी तर डोळेही मिटले, त्यांच्या गुडघ्यांची अवस्था मुळातच नाजूक होती. टाळ्यांचा कडकडाट सुरू झाला. एजेही वळल्या, पण टाळ्या न वाजवता कान देऊन उभ्या राहिल्या. नमद्याखालून मंत्र येत होता, आणि मंत्राच्या मधून मधून करकर, करकर असा बारीक आवाज.

"कापला पायबंद!" अता ओरडले. ठण्ण आवाज झाला. लोक वळून बघतात तो दोरा तुटलेला आणि ड्रम अतांच्या हातात, भाकरीसारखा!

मग काय विचारता. कुणी अतांचा झगा डोळ्यांना लावला, कुणी ड्रमची पापी घेतली आणि तोंड काळं करून घेतलं. आतला गंज झाडून ड्रम परत बसवला, तर बोटाने गरगर फिरू लागला. शाकिर आनंदाने मोटारीत शिरला, स्टिअरिंगला मिठी मारली, हॉर्न वाजवला आणि डोळे पुसत उतरला.

एजे मात्र त्या ड्रमपाशी वाकल्या होत्या. ड्रमच्या तोंडावर दोन बारीक भोकं होती. सकाळी त्यांनी पाहिली तेव्हा ती चिखलाने बुजलेली होती. आता ती स्वच्छ होती, तेलाने चमकत होती, आणि आत आटे दिसत होते.

भोकाला आटे कशाला? एजे पुटपुटल्या. आटे असतात ते बोल्टसाठी.

"अता," त्या म्हणाल्या, "उजवा ड्रम मी काढते. निघाला तर घोडी आणि शिंगरू इथेच राहतील. नाही निघाला तर माझी गायही घेऊन जा."

अता हसले. "पायबंद कापल्याशिवाय? खुशाल."

"अक्मत आजोबा, जरा उठता?" एजेंनी त्यांच्याखालच्या बाकाचे दोन बोल्ट पान्याने काढले, उजव्या ड्रमच्या भोकांतला चिखल काडीने कोरला आणि बोल्ट लावून पाहिले. बसले! अतांचं हसू जरा उतरलं.

"नमदा नको. सगळ्यांनी इकडेच बघा," एजे म्हणाल्या, आणि पिळायला लागल्या. अर्धा फेरा डावा, अर्धा फेरा उजवा. गाय पिळतात तसं, आळीपाळीने. बोल्ट आत गेले, टेकले, घट्ट झाले. आणखी अर्धा फेरा. ड्रम ढिम्म. एजेंनी सगळा जोर लावला, पाना सटकला, बोटं सोलली. ड्रम तसाच.

भिंतीवरची पोरं खिदळली. "लोखंड रुसलं!" अता आनंदाने म्हणाले आणि घोडीचा दोर सोडायला निघाले. उल्काणने तो दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला. "एजे!" ती ओरडली.

एजे बोट चोखत उभ्या राहिल्या. अतांनी आणखी काय केलं होतं? मोटारीच्या काळजाशी बोलले होते. पण मोटारीचं काळीज पुढे असतं, झाकणाखाली. हे आत बसून काय करत होते? आणि त्यांच्यानंतर आत कोण बसलं?

त्यांनी मोटारीचं दार उघडलं. दोन सीटांच्या मधला हँडब्रेकचा दांडा ताठ वर होता.

"शाकिर, हा कुणी ओढला?"

"मीच. उतरताना ओढायचाच असतो. घोडा बांधल्याशिवाय कुणी जातं का?"

"आणि हिवाळ्यात?"

"तेव्हाही बांधून ठेवली होती. पाच महिने."

"अरे शहाण्या, सपाट अंगणात ती कुठे चरायला जाणार होती?"

एजेंनी दांडा खाली केला. खट्. मग परत चाकापाशी बसून अर्धा फेरा डावा, अर्धा फेरा उजवा. करकर... तोच आवाज! तिसऱ्या फेऱ्याला ड्रमने ठण्ण करून आस सोडला. त्याच क्षणी अक्मत आजोबा सवयीने आपल्या बाकावर बसले, आणि बोल्ट नसलेला बाक त्यांना घेऊन भुईवर आला.

आजोबांना उचलल्यावर एजेंनी ड्रम सगळ्यांपुढे धरला. "बघा. बोल्ट फिरवला की पुढे सरकतो. मागे आसाची तबकडी आहे, तिथे तो अडतो. त्याला पुढे जाता येत नाही, म्हणून तो ड्रमला बाहेर ढकलतो. ही भोकं बनवणाऱ्यानेच त्यासाठी ठेवलीत. आणि पायबंद भुताने नाही, शाकिरने घातला होता. पाच महिने ब्रेक ओढलेला, आत गंज चढला, चिकटला. अता आत बसले ते हा ब्रेक गुपचूप सोडायला, आणि शाकिरने उतरताना तो परत ओढला. आता अता, झग्याची बाही झटका."

अता झटकेनात. उल्काण पुढे आली आणि तिनेच बाही धरून हिसडली. दोन बोल्ट आणि एक आखूड पाना टणटण करत दगडावर पडले.

लोक मारायला धावले. एजे मध्ये उभ्या राहिल्या. "थांबा. आधी खरं सांगा, घरी उभ्या गाडीचा ब्रेक ओढून कुणाकुणी ठेवलाय?" हात वर व्हायला वेळ लागला. अकरा झाले. "मग हा माणूस या अकरा गाड्या मोकळ्या करेल. नमद्याशिवाय, चहा-भाकरीवर. आणि तुम्ही वाकून बघाल, शिकाल."

संध्याकाळपर्यंत अकरा झाल्या. खरं सांगायचं तर हात सफाईदार होता त्याचा. टोपी काढल्यावर तो एका बंद पडलेल्या कारखान्यातला साधा फिटर निघाला.

"एवढं येतं तुला," एजेंनी त्याला चहा देताना विचारलं, "मग हे ढोंग कशाला रे?"

त्याने चहाच्या वाटीकडे बघत उत्तर दिलं. "पाना दाखवला की लोक चहा देतात, एजे. पाना लपवला की घोडी देतात."

एजेंनी सगळ्यांकडे एकदा नजर फिरवली. "ऐकलंत? अर्धं ढोंग त्याचं, अर्धं आपलं. आपल्याला डोंगराकडे बघ म्हटलं, आपण बघितलं. इथून पुढे कुणी पाठ फिरवायला सांगितली, तर आधी वाकून चाक बघा. कळलं नाही तर विचारा. विचारल्याने गुडघे गंजत नाहीत."

अक्मत आजोबांनी आपले गुडघे चाचपून पाहिले आणि मान डोलावली. उल्काणने घोडीच्या गळ्यातला परका दोर काढून त्या फिटरच्या हातात दिला, आणि दूध काढायची वेळ झाली होती म्हणून बादली आणायला आत गेली.