डॉक्टरीणबाईंसाठी केलेला बाक

मित्रांनो, माझ्यावर आजवर एकही ऑपरेशन झालेलं नाही, तरी दुबलगुंडीत मला ऑपरेशनचा बाक म्हणतात. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं म्हणून तुम्ही हसाल. हसा. पूर्वी मीही हसायचो.

माझा जन्म निजामाच्या अमलातला, दहा वर्षांपूर्वीचा. मोतीबिंदू काढणारी एक डॉक्टरीणबाई विलायतेहून गाव पाहायला आली होती. पुढच्या दिवाळीनंतर ती हत्यारं, औषधं आणि आणखी दोन डॉक्टर घेऊन येणार. खोली, बाक, पाणी आणि रोग्यांचं जेवण गावानं पाहायचं, असं ठरलं. मल्लप्पा सुतारानं मला बाभळीतून घडवलं. तो गाड्यांची चाकं करणारा, त्यामुळे मी गरजेपेक्षा जरा जास्तच दणकट झालो.

पहिली अडचण माझ्या जागेवरून आली. गावानं दिलेल्या, पूर्वी सरकी साठवायच्या जुन्या खोलीला एकच खिडकी, तीही दक्षिणेला. डॉक्टर उशाशी उभे राहणार आणि उजेड रोग्याच्या पायांकडून यायला हवा, म्हणून डॉक्टरीणबाईंनी पाय खिडकीकडे येतील असं मला ठेवलं. जमलेल्या बायका मागे सरल्या.

"दक्षिणेला पाय मेलेल्याचे करत्यात," राजूबाई म्हणाली. "जित्या माणसाला असं कामून निजवायचं?"

शाळेतल्या अच्युतराव गुरुजींनी ते बाईंना समजावून सांगितलं. मग मल्लप्पाच म्हणाला, "उत्तरेची भिंत फोडू की. खिडकी तिकडं करू." दोन दिवसांत खिडकी झाली. मातीच्या पाट्या डॉक्टरीणबाईंनीही उचलल्या आणि मला फिरवून ठेवलं.

ही राजूबाई म्हणजे गावाचं बियाणं. ज्वारीचं कणीस उन्हात धरून ती एका नजरेत सांगायची, पेरायचं की दळायचं. पण दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदू चढला होता. बियाणं निवडता यावं, एवढंच तिचं मागणं होतं. यादीत पहिलं नाव तिचं लिहिलं गेलं.

पुढच्या वर्षी युद्ध पेटलं. बाईंचं पत्र आलं की बोट मिळत नाही, किती वर्षं येता येणार नाही ते सांगता येत नाही. अच्युतरावांनी ते माझ्यावर बसूनच वाचलं. तेवढ्यात राजूबाई चाचपडत आली.

"गुरुजी, कवा येणार बाई?"

गुरुजींची जीभ रेटेना. "येतील. थोडा उशीर हाय," ते म्हणाले.

मग ती अधूनमधून येऊन माझ्यावर निजून पाहायची. तोंड उजळायचं तिचं. "उजेड दिसायलाय मला," म्हणायची. मला तेव्हा फार बरं वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यात तिचा भाऊ उद्धवराव, मादन हिप्परगा गावाहून गाडी घेऊन आला. "अक्का, चल सोलापूरला. तिथं मोतीबिंदू काढत्यात."

"न्हाई रे. हितं माझा पहिला नंबर हाय."

गुरुजी तिथंच होते. गाडी रिकामी परत गेली.

उन्हाळ्यात मोतीबिंदू फार पिकला आणि तिचे डोळे लाल होऊन ठणकू लागले. एक डोळा बसला, मग दुसरा. ठणका थांबल्यावर ती आली आणि सवयीनं माझ्यावर निजली.

"गुरुजी, खिडकी कुणी लावली?"

खिडकी सताड उघडी होती. गुरुजींनी पत्राची सगळी हकीकत सांगितली. राजूबाईनं ऐकून घेतलं.

"सांगायचं व्हतं की, गुरुजी. मी गेले असते," ती म्हणाली आणि भिंतीला धरून निघून गेली.

मित्रांनो, मला पुसा, रंग द्या असं मी म्हणत नाही. येणारा माणूस येणार नसेल, तर वाट पाहणाऱ्याला वेळेवर सांगा. दया म्हणूनसुद्धा लपवू नका. मला अजून वाटतं, राजूबाईनं एकदा माझ्यावरून उठावं, डोळ्यांवरची पट्टी सोडावी आणि कणीस मागावं.