मास्तरांच्या इंजिनाची उचकी

या, असे जवळ येऊन बसा. मागच्यांनीही पुढे सरका. कथा लहान आहे आणि माझा आवाज काही मोठा नाही. भक्तांच्या, राजांच्या कथा तुम्ही पुष्कळ ऐकल्या असतील. आज एका वीतभर इंजिनाची सांगतो, आणि त्याला घासूनपुसून लख्ख करणाऱ्या माझ्या मामांची. मध्येच हसू आलं तर हसा. देवाला हसणारी माणसं आवडतात असा माझा पक्का समज आहे.

तर सकाळची वेळ. गॅसवर मंद आचेवर पातेलं, आणि झाकण हातात धरून मामी उभ्या.

"अहो, ह्यात काय आहे?"

"बॉयलर," मामा म्हणाले.

"ते दिसतंय मला. माझं दुधाचं पातेलं आहे हे!"

"व्हिनेगरचं पाणी आहे गं, पातेल्याला काही होत नाही. आतला क्षार सुटतोय. बघ, कसे पापुद्रे निघतायत!"

"तुमचेच काढीन एक दिवस. दूध कशात तापवू?"

"छोट्या भांड्यात तापव."

"छोट्या भांड्यात तुमचे स्क्रू भिजतायत रॉकेलमध्ये!"

यावर मामांनी नेहमीचा उपाय केला. ऐकू आलं नाही.

मामा वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. उभा जन्म दुकानादुकानांत जाऊन तराजूचे काटे सरळ करण्यात गेला. डोळ्यांना तीच सवय लागली. भिंतीवरची तसबीर केसभर कललेली दिसली, की घर कुणाचं का असेना, उठून सरळ करायचे. एकदा सांत्वनाला गेले होते, तिथे गेलेल्या माणसाचीच तसबीर सरळ केली आणि वर म्हणाले, "आता बरं वाटतंय."

निवृत्तीनंतर त्यांना नाद लागला तो खेळण्यातल्या जुन्या वाफेच्या इंजिनांचा. पितळी बॉयलर, खाली स्पिरिटचा दिवा, बाजूला बोटाएवढा सिलिंडर आणि गरगर फिरणारं एक चाक; बस्स, एवढाच संसार. पण वर्षानुवर्षं माळ्यावर पडून आतलं तेल चिकट होतं, पाण्याचा क्षार धरतो, सगळं आखडून बसतं. असली इंजिनं मामा जुन्या बाजारातून आणायचे, खोलायचे, टूथब्रशने घासायचे. घरात टूथब्रश म्हातारा होण्याआधीच मामांच्या सेवेत रुजू व्हायचा. शेवटी शेवटी मामी आपला ब्रश पिठाच्या डब्यात लपवू लागल्या.

आता या कथेतला दुसरा माणूस. मामांचे जिवलग मित्र, मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचे, आणि आयुष्यात त्यांना एक रेघ सरळ मारता आली नाही. त्यांच्याकडेही असंच एक इंजिन होतं, वडिलांनी दिलेलं. पण त्यात एक खोड होती. चाक फिरू लागलं की टक, टक, टक, टक... फुस्स! पुन्हा टक, टक, टक, टक... फुस्स! लहान मुलाला उचकी लागावी तसं.

मामांना ते ऐकवायचं नाही. "अरे, दे एकदा माझ्याकडे. एका दुपारचं काम आहे. रेशमासारखं चालवून देतो."

"हात लावलास तर मैत्री संपली," मास्तर म्हणायचे.

"पण वाफ फुकट जातेय लेका!"

"तुझ्या बापाची जातेय का?"

हा वाद किती वर्षं चालला कुणास ठाऊक. संपला तो मास्तर गेले तेव्हाच.

त्यानंतर काही महिन्यांनी मास्तरांची बायको एक जड पिशवी घेऊन मामांच्या दारात आली. मामा त्यांना वहिनी म्हणायचे.

"भाऊजी, हे घ्या," पिशवी टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या. "हे गेल्यापासून मी किती वेळा दिवा लावून पाहिला, चाक हलत नाही. मी आता लेकीकडे राहायला चाललेय कायमची. शनिवारी जावई गाडी घेऊन येतील. तोवर चालू झालं तर घेऊन जाईन. नाही तर दुसऱ्याच्या घरात हे ओझं कशाला? तुमच्याकडेच राहू द्या."

मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते पाणी खरं होतं. आणि त्याच वेळी त्यांचे हात शिवशिवायला लागले, तेही तितकंच खरं होतं. माणसाचं मन देवाने असंच घडवलंय, त्याला आपण काय करणार?

मघाशी पातेल्यात होता तो याच इंजिनाचा बॉयलर. दुपारी सिलिंडर सुटा झाला आणि मामांनी आरोळी ठोकली, "सापडला! सापडला चोर!"

सिलिंडरला जागेवर दाबून धरणारी एक स्प्रिंग असते. तिच्याखाली चामड्याचा एक वेडावाकडा तुकडा घातलेला होता, एकीकडे जाड, एकीकडे पातळ. त्यामुळे स्प्रिंग कललेली, आणि फिरता फिरता सिलिंडर जरासा उचलला गेला की वाफ निसटायची. फुस्स! मामांनी तो कुजका तुकडा चिमट्याने उचलून कचऱ्यात टाकला. त्याच्या जागी पितळेची गोल चकती बसवली. मग पितळ असं उजळलं की त्यात तोंड पाहून दाढी करावी.

शनिवारी वहिनी आल्या. जावई खाली गाडीत सामान लावत होते. मामांनी दिवा पेटवला, पाणी तापलं आणि चाक फिरू लागलं. टक, टक, टक, टक, टक, टक. एकसारखं, रेशमासारखं. मामा विजयी मुद्रेने वहिनींकडे पाहू लागले.

वहिनी मान किंचित तिरकी करून ऐकत होत्या. गाणाऱ्याने सूर लावलाय आणि ऐकणारा समेची वाट पाहतोय, तशा. सम काही येईना.

"छान झालंय हो, भाऊजी," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "अगदी नवं कोरं. राहू द्या तुमच्याकडेच."

"अहो, पण चालतंय की!"

"चालतंय ना. पण आमचं असं कुठं चालायचं? आमचं उचकायचं." त्या खुर्चीत टेकल्या. "आत चामड्याचा तुकडा होता ना? माझ्या चपलेचा होता तो."

"चपलेचा?" मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"लग्नाला वर्ष झालं नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझ्या भावाचं लग्न, नवी चप्पल आणलेली. ह्यांना इंजिनात घालायला काहीतरी हवं होतं. कापला पट्टा! गेले तशीच लंगडत लग्नाला. परत आल्यावर बोललेच नाही ह्यांच्याशी. माफी मागणं तर ह्यांच्या रक्तात नाही. गुपचूप इंजिन पेटवून माझ्यासमोर ठेवलं. ते उचकायला लागलं आणि मला आलं हसू. तेव्हापासून भांडण झालं की हे दिवा लावायचे. तोंडाने कधी चुकलो म्हणाले नाहीत. इंजिन म्हणायचं."

खोलीत फक्त टक टक चालली होती. मामांनी फुंकर मारून दिवा विझवला.

"तो तुकडा कुठंय?" मामींनी विचारलं.

"टाकला," मामा पुटपुटले.

"टाकलात? ह्या घरातलं फुटकं बटण टाकत नाही हा माणूस! गंजलेले खिळे जपतो! आणि नेमका तोच टाकलात? अहो, कचऱ्याची गाडी केव्हाच गेली!"

मामांनी मुकाट्याने आपला कमरेचा जुना पट्टा काढला, तुकडा कापला, बसवला, दिवा लावला. रेशीम! दुसरा कापला. रेशीम! मग मुद्दाम वाकडा कापायला घेतला, पण कात्री अर्ध्यावर आपोआप वळली आणि तुकडा निघाला गोल. मामांनी स्वतःच्या हाताकडे असं पाहिलं, जणू तो शेजाऱ्याचा आहे.

"ऐकत नाही हो हा," ते रडकुंडीला येऊन म्हणाले.

खाली गाडीचा हॉर्न वाजला.

"सरका," वहिनी म्हणाल्या. त्यांनी पायातली चप्पल काढून मांडीवर घेतली, मामांच्या हातातून कात्री घेतली. "असं नाही कापायचं, भाऊजी. हे बोलता बोलता कापायचे. तोंड चालू, लक्ष खिडकीबाहेर, आणि हात आपला कुठंतरी. एकदा तर म्हणाले, आपल्या अंगणात मोर आलाय. पाहते तर शेजारणीची कोंबडी..." आणि बोलता बोलता त्यांनी पट्टा कापला. तुकडा काय निघाला म्हणता! त्याला आकारच नव्हता.

मामांनी तो स्प्रिंगखाली सरकवला. त्यांची बोटं सवयीने त्याची कड दाबायला गेली.

"सरळ करू नका!" मामींनी हातावर चापट मारली.

दिवा लागला. पाणी तापलं. हॉर्न पुन्हा वाजला, कुणी हललं नाही. चाक थरथरलं, फिरू लागलं.

टक, टक, टक, टक... फुस्स!

वहिनी आधी हसल्या. मग पदराने डोळे टिपले आणि त्या चाकाकडे पाहून म्हणाल्या, "बरं, बरं. केलं माफ."

इंजिन पुरतं निवेपर्यंत जावयांना थांबावं लागलं. मामांनी पाणी काढलं, इंजिन टॉवेलात गुंडाळून वहिनींच्या हाती दिलं. मामी धावत आपली चप्पल घेऊन आल्या. "वहिनी, ही घाला. अशा कशा जाणार? तुटकी चप्पल घालून?"

"राहू द्या हो," वहिनी म्हणाल्या. "त्या वेळीही अशीच गेले होते."

आणि त्या निघाल्या. छातीशी टॉवेलातलं इंजिन, मान ताठ, एका पायाची चप्पल फटक फटक वाजतेय. लंगडत लंगडत, एखादी नवरी मुलगी जावी तशा, त्या जिना उतरून गेल्या.

मंडळी, कथा एवढीच. एक मागणं आहे, ते ऐका आणि मग उठा. उचकी लागली की कुणीतरी आठवण काढतंय, असं आपण म्हणतो. घरी गेल्यावर एखादा पंखा कुरकुरला, एखादं दार नीट लागेना, तर लगेच कुणावर ओरडू नका. क्षणभर आमच्या मास्तरांची आठवण काढा. तिकडे लेकीच्या घरी एक बाई दिवा लावून, मान तिरकी करून, त्या उचकीची वाट पाहत बसलेली असेल.