सव्वा इंची पाइप

शिंप्याच्या बायकोच्या अंगाची वर्षभर आग होत होती. कातडीवर ना फोड ना डाग. पण नुसता पदर घासला तरी ती कळवळायची. डॉक्टरांनी नसांचा आजार म्हणून सांगितलं, गोळ्या बदलून पाहिल्या आणि शेवटी हात टेकले. दवाखान्यात असताना नर्सने तिला एकदा शॉवरखाली स्टुलावर बसवलं होतं. त्या बारीक, सलग पाण्याखाली तिला चक्क डुलकी लागली होती. घरी मात्र तांब्याने पाणी ओतलं की ती किंचाळायची.

म्हणून शिंप्याने शॉवर आणला आणि स्वतःच बसवला. तोटी फिरवली, तर चार-पाच छिद्रांतून थेंब ठिबकले.

"एवढ्यात चिमणीची आंघोळ व्हायची नाही," बायको म्हणाली. तेव्हा ती अजून थट्टा करायची.

नळाची कामं करणाऱ्याला गल्लीत सगळे 'वायसर' म्हणत, कारण कुठलीही गळती पाहिली की "वायसर गेलाय" हेच त्याचं पहिलं वाक्य. तो गच्चीवर जाऊन टाकी बघून आला.

"काका, वायसर नाही गेला," तो म्हणाला. "टाकी शॉवरपेक्षा जेमतेम पुरुषभर उंच. पाण्याला जोर मुळातच कमी. त्यात सगळा पाइप अर्धा इंची, वाटेत जागोजागी काटकोनी एल्बो, वर स्वयंपाकघराचा फाटा. आहे तो जोरही घासण्यातच संपतो."

"मग मोठा शॉवर आणू?"

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टाकीपासून वेगळी लाइन टाकू. वर सव्वा इंची, बाथरूमपर्यंत एक इंची, आणि अर्धा फक्त शॉवरच्या तोंडाशी. एल्बोच्या जागी लांब वळणाचे बेंड."

भिंत फोडायला घेतली. छिन्नीच्या प्रत्येक ठोक्याला पलीकडच्या खोलीत बायको दचकायची. धूळ अंगावर बसायची आणि ती झटकायचीही सोय नव्हती. सगळं जोडून झाल्यावरही पाणी कमीच आलं. नव्या लाइनीवरचा व्हॉल्व्ह बाहेरून इंची दिसत होता, आतून बोटही जात नव्हतं. तो कापून काढला. दुसरा आणायला शिंपी स्वतः गेला आणि दुकानात प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये बोट घालून बघत बसला. मशीनवर कपड्यांचा ढीग साचला होता. गिऱ्हाइकं येऊन बडबडून जात होती.

"अहो, जरा बसा ना माझ्यापाशी," बायको म्हणायची.

"आलोच. पाइप चिकटवायचं सोल्युशन तेवढं वाळू दे."

अखेर एका दुपारी वायसरने तोटी उघडली आणि पाणी धो धो कोसळलं. तो नखशिखान्त भिजला आणि मोठ्याने हसला. शिंप्याचे डोळे भरून आले. त्याने बायकोला हळूहळू चालवत आणलं, स्टुलावर बसवलं, तोटी सोडली.

ती अशी ओरडली, की वायसर दारातून मागे सरला.

"सुया! सुया टोचतायत! बंद करा!"

शिंप्याने धार बारीक केली. तरी ती भिंतीला चिकटून थरथरत राहिली. तोटी बंद करून तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"दवाखान्यात तर तुला झोप लागली होती."

"तेव्हा एवढं नव्हतं हो," ती म्हणाली.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. आजार पुढे सरकला होता आणि पुढेच जाणार होता. शिंप्याने मग शॉवरचा विषय काढला नाही. तो तिच्या खाटेजवळ जमिनीवर बसू लागला. हात धरायची सोय नव्हती, म्हणून हातभर अंतर ठेवून.

"काहीतरी बोला," ती एकदा म्हणाली.

त्याने आठवून पाहिलं. इतक्या दिवसांत पाइपांशिवाय त्याच्या डोक्यात दुसरं काही शिरलंच नव्हतं. मग तेच सांगू लागला: दुकानदार कसा वैतागला, बेंड कसा बसेना, वायसर कसा भिजला. ती डोळे मिटून पडली होती. ऐकत होती की नाही, त्याला कळेना. मधेच ती कण्हली. तो थांबला, आणि काय करावं ते न सुचून पुन्हा बोलू लागला.