सैल कडी

मी कारखान्याच्या गेटवर बायकांच्या पिशव्या तपासते. सुटी झाली की रांग लागते, आणि मी पिशवीच्या आधी हात बघते. ज्यानं काही लपवलेलं असतं त्याचा हात आपोआप तिथं जातो. या नोकरीनं मी संशयी झालेय, असं नवरा म्हणतो. झाले असेन. पण सोमवारी रात्री खुशाल ब्रश चावत बसलेली आपली अडीच वर्षांची पोर मंगळवारी सकाळी ब्रश दिसताच दातखीळ बसल्यासारखी करायला लागली, तर कुठल्या आईला संशय येणार नाही?

वेळही नेमकी वाईट होती. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी नुकतंच सांगितलं होतं, "दाढ काळी पडायला लागलीय. पंधरा दिवस दोन्ही वेळा नीट घासा, मग बघू. नाहीतर भूल देऊन कोरावी लागेल." एवढ्याशा जिवाला भूल!

गोष्टी सांगितल्या, गाणी म्हटली, बाहुलीचे दात घासून दाखवले. गुंडी ओठ आत ओढून बसलेली. दटावलं तर पलंगाखाली. म्हणजे हिला कुणीतरी काहीतरी केलंय, हे नक्की.

पहिला संशय नवऱ्यावर. "तू ओरडलास का हिच्यावर?"

"मी? मी तर सकाळी सातलाच बाहेर पडलो," म्हणत त्यानं कानावर हात ठेवले.

मग सासूबाई. लाडानं नातीला साखर चाटवायची त्यांची जुनी खोड. गुंडीचं तोंड हुंगलं, फ्रॉकचे खिसे उलटे केले. काही नाही. "माझीही पिशवी तपास हवं तर," सासूबाई फणकारल्या. शेवटी मी पेस्टसुद्धा चाखून बघितली. तीही निर्दोष सुटली.

पण एक गोष्ट खटकत होती. मी बेसिनपाशी दात घासायला लागले की गुंडी स्टुलावर चढून टक लावून बघायची. चूळ भरून झाली की माझ्या तोंडात बोट घालून एकेक दात हलवायची. मग वाकून बेसिनमध्ये डोकावायची, काही पडलंय का ते बघायला. बापाचीही तीच झडती. ती नजर माझ्या ओळखीची होती. रोज गेटवर मी तीच लावून उभी असते.

आणि आजोबांच्या मांडीवरून न हलणारी ही पोर आता त्यांच्या जवळही जात नव्हती. सासरे बसवर कंडक्टर होते. आवाज खणखणीत, पण या बाबतीत ताकास तूर लागू देत नव्हते. वर्तमानपत्रात डोकं घालून बसलेले. कुठंतरी पाणी मुरत होतं.

रविवारी सकाळी मी सगळ्यांना बेसिनपाशी उभं केलं. अगदी गेटवरच्यासारखी रांग. "हिला कशाची भीती बसलीय? ज्याला माहीत असेल त्यानं आत्ता सांगा. पोरीला भूल द्यायची वेळ आलीय."

सासऱ्यांचा हात तोंडावर गेला.

माझ्या मागून गुंडी हळूच म्हणाली, "आजोबांनी बश केला. दात पडले. सगळे."

सासूबाई भिंतीकडे बघायला लागल्या. सासऱ्यांची कवळी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यावर बोलायचं नाही, असं लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला बजावलं होतं. त्यांनी स्वतः कधी कवळीशिवाय नवऱ्याचं तोंड बघितलं नव्हतं. सासरे रोज बाथरूमची कडी लावून ती धुवायचे. आणि ती कडी हल्ली सैल झाली होती. दुरुस्त करायची म्हणून नवऱ्याला मी कितीदा सांगितलं होतं!

मला वाईट वाटलं. राहू दे म्हणावंसं वाटलं. पण दाढ डोळ्यांसमोर आली.

सासरे रांगेतून निघाले, बाथरूममध्ये गेले. नळ सुटला. मग आवाज आला, "गुंडे, ये बघू इकडं." दार उघडंच होतं.

त्यांनी कवळी काढून तळहातावर ठेवली. गाल आत गेले, चेहरा एकदम म्हातारा झाला. शब्द बोबडे झाले. "हे विकतचे आहेत बाळा. हे निघतातच. माझे खरे होते ना, ते मी घासायचा कंटाळा केला, म्हणून गेले."

गुंडीचा विश्वास बसला नाही. तिनं त्यांच्या हिरड्या बोटानं चाचपल्या. कवळी उलटीसुलटी केली. मग तोंड उघडून हुकूम सोडला, "माझे ओढा."

सासऱ्यांनी एकेक दात धरून ओढला. एकही हलला नाही. गुंडीनं नळाखाली वाकून खात्री करून घेतली, आणि स्वतःच ब्रश पुढे केला. तोंड मोठं उघडलेलं. आजोबांनी सावकाश, पार मागच्या दाढेपर्यंत घासलं.

मागं बघते तर सासूबाई दारात उभ्या.

"हे एवढंच होतं होय?" त्या म्हणाल्या. आवाजात राग होता आणि डोळ्यांत पाणी. "यासाठी मला इतकी वर्षं बाहेर ठेवलंत?"

सासरे त्यांच्याकडे बघत राहिले, मग बोळकं पसरून हसले. मी सवयीनं त्यांच्या हाताकडे बघितलं. तो गुंडीच्या डोक्यावर होता, तिथून हललाच नाही.