ओल्या दोरीचं माप

मी दोरी. पाणी शेंदायची नव्हे, पाणी मोजायची. लातूरच्या बाजारात सुताच्या गुंडाळीतून पंचवीस मीटर कापून निघाले, तेव्हा वाटलं होतं, आपल्या नशिबी एखादी म्हैस असणार. पण मला विकत घेतलं तनुजाबाईंनी. लातूरजवळच्या मुरुडच्या कॉलेजात त्या भूगोल शिकवायच्या.

त्यांच्या धाकट्या भावानं, दयानंदनं, माझ्या टोकाला लोखंडी नट बांधला आणि दर मीटरला एक गाठ मारली. दयानंद मोटारी दुरुस्त करायचा. शाळा त्यानं आठवीतच सोडलेली.

"अक्का, तुझ्या कॉलेजात गाठ मारायला शिकवत न्हाईत व्हय?" असं विचारून त्यानं बहिणीला हसवलं होतं.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी तनुजाबाई स्वतः शिकत होत्या. घागरींच्या रांगेत डॉक्टर होणारी, वकील होणारी, सगळीच पोरं उभी होती. पण आपल्या गावच्या विहिरीत किती पाणी उरलंय, हे त्यातल्या एकालाही सांगता येत नव्हतं. ते त्यांच्या मनातून गेलं नाही.

म्हणून नांदेडच्या विद्यापीठानं सगळ्या शाखांचा सामायिक अभ्यासक्रम नव्यानं करायला घेतला, तेव्हा त्यांनी समितीपुढं एक विषय मांडला. शाखा कोणतीही असो, विद्यार्थ्यानं वर्षभर गावची एक विहीर दर आठवड्याला मोजायची. पाणी का वाढलं, कुठं गेलं, हे गावातल्या माणसांना विचारून लिहायचं.

"मोजणी गेली तर विषय गेला," असं त्या घरी सारखं म्हणायच्या.

मार्चमध्ये त्यांना कावीळ झाली. बाराव्या दिवशी त्या गेल्या.

आईनं मला धुवायला घेतलं, तर दयानंद तिच्यावर ओरडला. दुकान बंद ठेवून तो मला मांडीवर घेऊन बसायचा. रडताना माणसांना काहीतरी घट्ट धरायला लागतं. माझ्या गाठी त्या महिन्यात इतक्या आवळल्या की आता त्या नखानंही सुटायच्या नाहीत.

अशात तनुजाबाईंच्या नावानं समितीच्या शेवटच्या बैठकीचं पत्र आलं. सोबत मसुदा होता. त्यांच्या आरती नावाच्या विद्यार्थिनीनं तो वाचून दाखवला.

"दादा, बाईंचा विषय ठेवलाय. पण पन्नास मार्कांची लेखी परीक्षा केलीय. मोजणी काढून टाकली."

दयानंदनं मला पिशवीत कोंबलं आणि नांदेडची एसटी धरली.

बैठक सुरू होती. हा सरळ आत शिरला.

"आपण कोणत्या महाविद्यालयाचे?" अध्यक्ष सौदामिनी मॅडमनी विचारलं.

"कुठल्याच न्हाई. आठवीतून पळालेला हाय. तनुजाचा भाऊ." एवढं बोलून त्यानं मला टेबलावर आपटलं. नट नेमका वाणिज्यच्या आलोक सरांच्या चहात पडला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मोजणी का काढलात?"

सर शर्ट पुसत म्हणाले, "अहो, हजारो पोरं आहेत. विहिरीवर न्यायचं कुणी? कुणी पडलं तर? आणि पाणी मोजणं ही काय कॉलेजात शिकायची गोष्ट आहे? दोरी सोडायची, गाठी मोजायच्या!"

"मग मोजा की."

मॅडम उठल्या. "चला सर, बघूच."

आवारातल्या जुन्या विहिरीवर सगळी समिती जमली. आलोक सरांनी मला तळाला टेकेपर्यंत सोडलं, मग गाठी मोजत कठड्यावर ओढून घेतलं.

"चौदा मीटर! भरपूर पाणी आहे की."

दयानंद हसला. बहीण गेल्यापासून पहिल्यांदा.

"सर, तुम्ही विहीर मोजलात. पाणी वल्या दोरीत असतंय."

सरांनी माझ्याकडं नीट पाहिलं. अकरा गाठी कोरड्या, तीन ओल्या.

"बावीस वर्षं शिकवतोय," ते हळूच म्हणाले, "ही चूक लेखी परीक्षेत मला कधीच कळली नसती."

मसुद्यातून परीक्षा गेली, मोजणी परत आली. पहिल्या वर्षी पाचच कॉलेजांत, कठडा असलेल्याच विहिरी, सोबत एक मोठं माणूस.

"विषयाला अक्काचं नाव द्या," दयानंद म्हणाला.

"नियमात बसत नाही रे," मॅडम म्हणाल्या. "ही दोरी नमुना म्हणून ठेवून जातोस?"

"मग दोरी बी न्हाई." मला उचलून तो निघून आला.

जुलैत मुरुडला विषय सुरू झाला. कॉलेजनं दयानंदला बोलावलं. माझ्या मापानं त्यानं वीस नव्या दोऱ्यांना गाठी मारल्या आणि पोरांबरोबर विहिरीवरही जाऊ लागला. मला मात्र कुणाला हात लावू देईना.

एका शुक्रवारी आरतीनं विनवलं, "दादा, एकदाच बाईंच्या दोरीनं मोजू द्या." त्याच्या काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यानं मला तिच्या हातात दिलं.

तिच्या हातातून मी निसटले. नटासकट खाली.

दयानंदचा एक पाय कठड्यावर गेला होता. आरती हुंदके देत होती, "चुकलं, दादा, चुकलं." मग त्यानं पाय खाली घेतला, पिशवीतून नवी दोरी काढली आणि तिच्यापुढं धरली.

"रडू नगंस. ही घे. मोज."

तेव्हापासून मी इथं तळाशी आहे. दर शुक्रवारी वरून एक नवा नट येतो, माझ्याशेजारी टेकतो आणि परत वर जातो. मग आकडा ऐकू येतो. त्यामागोमाग दयानंदचा आवाज, "परत एकदा मोज."

मला वर काढायच्या भानगडीत कुणी पडू नका. त्यापेक्षा आपापल्या गावच्या विहिरीत एक दोरी सोडा. माझ्यावर आज साडेपाच मीटर पाणी आहे. मुरुडच्या कुठल्याही पोराला विचारा, तो सांगेल.