देओलिंदाचं नाक

पोर्तुगालमधल्या फेइराजवळच्या त्या बुचांच्या कारखान्यात सात माणसं आणि एक नाक, असं गावातले लोक थट्टेनं म्हणत. नाक देओलिंदाचं. आदल्या दिवशी काचेच्या बरण्यांत भिजत घातलेली बुचं ती सकाळी एकेक करून हुंगायची. जरा कुबट वास आला की अख्खं पोतं बाद, कारण खराब बूच चांगल्या वाइनची पार माती करतं. हुंगण्याआधी कॉफीला तोंड लावायचं नाही, हे तिनं तीस वर्षं पाळलं. अंगाचा साबणसुद्धा बिनवासाचा!

हिवाळ्यात तिला ताप आला. ताप उतरला, पण वास यायचा थांबला तो थांबलाच. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कोणत्या तोंडानं? देशातली गिऱ्हाइकं मोठ्या कंपन्यांनी पळवली होती. धाकटा भाऊ आर्मिंदो तीन वर्षं नमुन्यांची पेटी घेऊन परदेशात उंबरे झिजवत होता, तेव्हा कुठे एका ऑस्ट्रियन द्राक्ष बागायतदारानं होकार दिला. ही मागणी हातची गेली तर कारखान्याला कुलूप. देओलिंदा रोज बरणी नाकाशी धरायची आणि "स्वच्छ" म्हणायची. जीव मात्र टांगणीला लागलेला.

माल भरायच्या दिवशी तो बागायतदार, म्हातारा लेओपोल्ड, ट्रकसोबत स्वतः आला. मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये म्हणाला, "यंत्रानं तपासलेली बुचं मला दारात मिळतात, बाई. पण या वेली माझ्या वडिलांनी लावल्यात. त्यांची वाइन मी तुमच्या नाकाच्या भरवशावर बंद करणार आहे."

"आमची ताई म्हणजे काय!" आर्मिंदो फुशारला. "शेजारणीनं काल काय रांधलं तेही सांगेल!"

"स्वच्छ" एवढा एकच शब्द बोलायचा होता. देओलिंदानं बरणी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

"मला वास येत नाही. हिवाळ्यापासून."

"ताई, ही काय चेष्टा करायची वेळ आहे?"

"चेष्टा नाही रे. तूच हुंग."

"मी? माझं नाक नुसतं शोभेचं, असं तूच म्हणत आलीस ना!" तरी त्यानं बरण्या उचलल्या. पहिली, दुसरी, तिसरी. पाचव्या बरणीशी त्याचा चेहरा पडला. "ओल्या तळघरासारखा वास येतोय," तो पुटपुटला.

लेओपोल्डनं ती बरणी स्वतः हुंगली. मग देओलिंदाचा हात दोन्ही हातांत धरला, म्हणाला, "यंदा नको." ट्रक रिकामा गेला.

"आधी का नाही बोललीस?" आर्मिंदोनं विचारलं.

"तुझी तीन वर्षं दिसत होती रे डोळ्यांसमोर." तिला रडू आवरेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली, तर तिच्या स्टुलावर आर्मिंदो बसलेला. समोर बरण्या, आणि बाजूला न प्यालेली कॉफी. त्यानं पेला तिच्याकडे सरकवला.

"घे ताई. मला आता चालायची नाही."

तीस वर्षांनी देओलिंदानं त्या टेबलाशी कॉफीचा घोट घेतला. गरम होती, एवढंच तिला कळलं.