माझा हरवलेला एक इंच

मी एक जुनी टेप आहे. गाणी वाजवणारी नव्हे हं, मित्रांनो. शिंप्याच्या गळ्यात लोंबकळत असते ना, माप घ्यायची, ती. अंगाने पिवळी, अंगभर काळे आकडे आणि दोन्ही टोकांना पितळेच्या चिमुकल्या टोप्या. म्हणजे, एकेकाळी दोन्ही टोकांना होत्या. आता एकाच टोकाला आहे. दुसरी कुठे गेली, तीच तर माझी गोष्ट.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. मेणकापडाच्या लांबच लांब पट्ट्या रुळांवरून सरसरत यायच्या आणि ठप्पा त्यांच्यावर एक ते साठ आकडे उमटवत जायचा. आम्ही शंभर बहिणी एका पेटीत गुंडाळून बसलो होतो. कुणालाही कुणाशेजारी ठेवा, केसभर फरक नाही! त्याचा मला तेव्हा कोण ताठा होता.

शिंपीमास्तरांनी मला घेतलं ते नवं दुकान थाटलं तेव्हा. एका बाजूला घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा, दुसऱ्या बाजूला छत्र्यांचं दुकान आणि मध्ये आमची खोली. कापड बेतायचं लांब टेबल, कोपरा तडकलेला आरसा आणि खिडकीशी दोन मशीन. त्यातल्या एका मशीनवर मास्तरांची बायको बसायची. सगळी गल्ली तिला काकू म्हणायची. पायाने मशीन चालवता चालवता काकू स्वतःशीच गुणगुणायची:

सुईच्या नाकात बाई, दोरा ओवते अलगद
उसवल्या दिसाला गं, टाका घालते सावध.

मास्तर मला गिऱ्हाइकाच्या अंगाभोवती फिरवत, आकडा मोठ्याने म्हणत आणि काकू मशीन थांबवून तो वहीत लिही. मी पोटाभोवती गेले की भलेभले श्वास रोखून पोट आत ओढत. मास्तर कधी कुणाला टोकत नसत. मला सैल धरून ते नुसतं विचारत, ‘‘काय, धाकटीचा खोकला गेला का?’’ माणूस बोलायला लागला की श्वास सुटायचा, पोट आपल्या जागेवर यायचं आणि मास्तर हळूच आकडा वाचायचे. खरं माप घ्यायचं तर आधी माणसाला बोलतं करावं लागतं, हे मी त्या खोलीत शिकले.

मग एका सकाळी अपघात झाला. मास्तर एका कोटाला इस्त्री करत होते. त्यांची लेक तेव्हा नुकती रांगायला लागली होती. सतत गरगरत असायची म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. ती रांगत रांगत इस्त्रीच्या तारेपाशी पोचली आणि तिने तार ओढायला हात घातला. मास्तरांनी हातातली इस्त्री होती तिथेच टेकवली आणि झेप घेऊन लेकीला उचललं. इस्त्री टेकली होती माझ्या टोकावर.

धूर निघाला, वास सुटला. माझा पहिला इंच, टोपीसकट, काळा कोळसा झाला.

काकू म्हणाली, ‘‘अहो, नवी आणा.’’

‘‘हिच्यावर हात बसलाय गं माझा. एका इंचाचं काय एवढं!’’ असं म्हणून मास्तरांनी कात्रीने माझा जळका भाग बरोबर एकच्या रेघेवर कापून टाकला.

आता नीट ऐका, मित्रांनो, कारण सगळी गंमत इथे आहे. माझी सुरुवात आता शून्याऐवजी एकपासून व्हायची. छाती खरी अडतीस असली की मी एकोणचाळीस दाखवायची. पहिले काही दिवस मास्तर आठवणीने एक वजा करत. एकदा विसरले. गिऱ्हाइकाच्या अंगावर मीच एकोणचाळीस दाखवले, वहीत तेच लिहिलं गेलं आणि कापड बेततानाही त्यांनी मलाच कापडावर ठेवून एकोणचाळीसवर खडूची खूण केली. म्हणजे कापड कापलं गेलं बरोबर अडतीस! कोट असा बसला, जणू अंगाबरोबरच वाढलाय. अंगावरही मी, कापडावरही मीच. माझी चूक मीच गिळून टाकायची. मग मास्तरांनी वजाबाकीचा नाद सोडला. हळूहळू तो जळलेला इंच ते विसरूनही गेले. वहीत मात्र प्रत्येक आकडा एकाने जास्त लिहिला जात राहिला.

वर्षं चांगली गेली. एकाच माणसाच्या शाळेच्या चड्डीचं माप मी घेतलं आणि पुढे त्याच्याच लग्नाच्या कोटाचंही. पुढच्या पानावर त्याची कंबर वाढलेली मी पाहिली. वही फुगत गेली, चारशे माणसं तिच्यात गुण्यागोविंदाने राहू लागली.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले. लोक झोपाळ्यावर बसल्या बसल्या कपडे मागवू लागले. दारात खोकं येई, कपडा घालून बघत, नाही बसला तर परत पाठवत. आमच्याकडे लोक येत, पण चेन बदलायला, नाहीतर त्या आयत्या कपड्यांच्या बाह्या आखूड करायला. शेजारचे घड्याळवाले आजोबा घरी बसले. मास्तर दुकानाच्या दाराची एकच फळी उघडू लागले. ‘‘दुसरी कशाला उघडायची? वारा येतो नुसता,’’ म्हणायचे. मी खिळ्याला टांगलेली असायची. गळ्यात असण्याची सवय असलेल्याला खिळा फार टोचतो हो.

भिंगरी तोवर शिकून मोठी झाली होती. तिने एक बेत मांडला. वहीतली सगळी मापं फोनमध्ये भरायची. गिऱ्हाइकाने घरूनच कापड निवडायचं. गावाबाहेरच्या कारखान्यातलं संगणकावरचं यंत्र ते कापेल, शिवेल. काज-बटण आणि शेवटची इस्त्री आपल्या दुकानात.

मास्तरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘बँडवाल्यांचे बावीस कोट करायचे आहेत. सगळी आपली जुनी माणसं, मापं वहीत आहेत. तुझ्या पद्धतीने कर. जमलं तर तुझं खरं. नाही जमलं तर ही फळीही लावून टाकू, मी घरी बसेन आणि तू नोकरी शोध.’’

‘‘चालेल,’’ भिंगरी म्हणाली. तिने लगेच वही पुढ्यात ओढली. मी खिळ्यावरून सगळं बघत होते.

दोन आठवडे ती वहीतले आकडे फोनमध्ये भरत बसली. एकही आकडा चुकवला नाही पोरीने. तेच तर वाईट झालं! मला ओरडावंसं वाटत होतं, ‘अगं, हे आकडे माझ्या भाषेतले आहेत, मला सोबत घेतल्याशिवाय त्यांना अर्थ नाही!’ पण टेपला तोंड कुठे असतं?

कोट गुरुवारी आले. कार्यक्रम रविवारी. बँडचे म्होरके ढोलवाले काका, पोटाने आणि मनाने मोठे, त्यांनी पहिला कोट चढवला. बाह्या बोटांवर आल्या, खांदे उतरले, गळ्यात दोन बोटं सहज जात होती.

‘‘काय गं भिंगरी, आतमध्ये अजून एक माणूस बसवायचाय का?’’ काका म्हणाले. क्लॅरिनेटवाले बाहीतून हात शोधत होते. भिंगरी हसली नाही. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

मास्तरांनी मला खिळ्यावरून काढलं आणि बाहीला लावलं. ‘‘वहीत चोवीस. ही भरतेय पंचवीस. बघ, चुकलं तुझं यंत्र.’’

भिंगरीने कारखान्यातून मिळालेली नवी कोरी टेप काढली. ‘‘बरोबर चोवीस. यंत्र नाही चुकलं, बाबा.’’

‘‘म्हणजे मी चुकलो?’’

‘‘मी असं कुठे म्हटलं?’’

‘‘म्हणायला कशाला पाहिजे?’’

दोघांचे आवाज चढले. काकूचं मशीन थांबलं. ती उठली, बापाच्या हातातून मला घेतलं, लेकीच्या हातातून नवीला घेतलं आणि टेबलावर दोघींना शेजारी शेजारी सरळ झोपवलं. सुरुवातीची टोकं जुळवली. नवीचा एक जिथे होता, तिथे माझा दोन होता.

‘‘अहो,’’ काकू म्हणाली, ‘‘हिचा पहिला इंच कुठेय?’’

मास्तरांनी माझं कापलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. ‘‘जळाला होता,’’ ते पुटपुटले. ‘‘इस्त्रीखाली. ही रांगत तारेपाशी गेली होती...’’

ते खुर्चीत बसले. ‘‘पंचवीस वर्षं मी खोटी मापं लिहीत आलो.’’

भिंगरी त्यांच्यापाशी जमिनीवरच बसली. ‘‘खोटी कशाने, बाबा? पंचवीस वर्षं कुणाचा कोट बिघडला का? तुम्ही आणि ही टेप मिळून एकच माप होता. मी अर्धंच माप फोनमध्ये भरलं. तुम्हाला विचारायला हवं होतं, ते राहिलं माझं.’’

एवढ्यात ढोलवाले काका पुढे आले. ‘‘थांबा, थांबा. म्हणजे वहीत माझी कंबर सत्तेचाळीस आहे ती खरी...?’’

‘‘सेहेचाळीस,’’ मास्तर म्हणाले.

‘‘इतकी वर्षं मी उगाच लाजत होतो की हो!’’

आधी काकू हसली, मग क्लॅरिनेटवाले, मग मास्तर. भिंगरी हसता हसता डोळे पुसत होती.

आता कामाला लागायचं होतं. कोट मोठे झाले होते हे नशीब. मोठं आत घेता येतं, लहान झालं असतं तर कापड कुठून आणलं असतं? मास्तर खांदे उसवून पुन्हा बसवायला लागले. काकूने बाह्या आणि बाजूच्या शिवणी धरल्या, भिंगरीने गळे. बावीस वादक आळीपाळीने येऊन टाके उसवून देत आणि उरलेले दारात बसून सराव करत. शुक्रवार, शनिवार आमच्या गल्लीत सुरांचा नुसता धबधबा. घड्याळवाले आजोबासुद्धा खुर्ची घेऊन येऊन बसले. मी पुन्हा मास्तरांच्या गळ्यात होते. बाविसावा कोट शनिवारी दुपारी इस्त्रीखालून निघाला. इस्त्री करून झाल्यावर मास्तरांनी या वेळी ती उभी ठेवली, तारेचा खटका बंद केला आणि मगच मान वर केली.

रविवारी कार्यक्रम कसा झाला ते मला ठाऊक नाही, मी दुकानातच होते. पण सोमवारी सकाळी मास्तर आले आणि त्यांनी दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. भिंगरीने ते पाहिलं, फोन काढला आणि एका टिचकीत वहीतली चारशे माणसं एकेक इंचाने बारीक करून टाकली.

आता दूरदूरच्या गावांतून लोक कपडे मागवतात. ते घरीच माप घेतात आणि हमखास श्वास रोखतात, म्हणून सुरुवातीला कपडे परत यायचे. यंत्राला ते कुठून कळणार? मग भिंगरीने बापालाच फोनसमोर बसवलं. समोरच्या चौकटीत कुणी ताई नाहीतर दादा टेप धरून उभे असतात आणि मास्तर मला हातात धरून दाखवतात, ‘‘अशी सैल धरा. बरं, मागे कोण रडतंय, नातू का? किती महिन्यांचा?’’ पलीकडचा माणूस कौतुकाने सांगू लागतो, श्वास सुटतो. ‘‘हं, आता वाचा आकडा,’’ मास्तर म्हणतात. ज्या लोकांना मी कधी स्पर्शही केला नाही, त्यांची मापं आता मला कळतात. गल्ली लांब झाली आहे, एवढंच.

आणि माझा इंच? एका दुपारी भिंगरीने आपल्या नव्या टेपचा पहिला इंच मोजून कापला आणि बारीक टाक्यांनी माझ्या टोकाला जोडला. नवीला म्हणाली, ‘‘तू रागावू नकोस गं. तुलाही असाच इंच जोडायला आम्ही आहोत.’’ काकू खिडकीशी गुणगुणत होती. मी पिवळी, तो इंच पांढराशुभ्र, बिनटोपीचा. पण शून्यापासून सुरू होते पुन्हा.

मित्रांनो, तुमच्या घरातलं जुनं काही नव्या यंत्रात भरायला घ्याल, तेव्हा ते जरूर भरा. पण भरण्याआधी ज्यांनी ते वर्षानुवर्षं हाताळलं त्यांच्याजवळ घडीभर बसा आणि विचारा, ‘यात न लिहिलेलं काय आहे?’ त्यांनाही चटकन आठवणार नाही. मग इकडचं तिकडचं विचारा, बोलतं करा. श्वास सुटला की खरं माप आपोआप सापडतं.